तीन आठवडे गावाला जाता, मग टँकचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर हा प्रश्न मला दर डिसेंबरात कुणी ना कुणी विचारतंच आणि मी दोन वाक्यांत उडवून लावतो. आम्ही राहतो ड्युसेलडॉर्फला, घरात दोनशे लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, मासे आणि कोरल म्हणजे प्रवाळ असलेला) आहे, आणि दरवर्षी तीन आठवडे आम्ही जळगावला जातो. तर प्रश्न असा की ‘तुझं सगळं ऑटोमॅटिक आहे ना, मग प्लग लावायचा आणि निघायचं, टेन्शन कसलं?’

आधी हे सगळं लागतं कशाला ते सांगतो. कडक सांगाड्याचे कोरल आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बनवतात, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी (पाण्यात विरघळलेले कार्बोनेट-बायकार्बोनेट, आम्ही सगळे नुसतं केएच म्हणतो) रोज थोडं थोडं खातात. समुद्राला काही फरक पडत नाही, पण दोनशे लिटरला पडतो. माझ्याकडे दिवसाला साधारण 1 डिग्री केएच कमी होतो आणि त्याच्या जोडीला 7 पीपीएम कॅल्शियम. हे प्रमाण ठरलेलं असतं. कॅल्शियम 420 च्या आसपास असतं, त्यातून 7 गेलं तर कळतही नाही, पण केएच असतो 8, तो आठवडाभर भरला नाही तर कोरलचं वाजलंच. म्हणून मी कॅल्शियम आठवड्याला मोजतो, मॅग्नेशियम (1300 च्या आसपास) महिन्याला, आणि केएच मात्र एकदिवसाआड. ही 1 डिग्री भरायला दोनशे लिटरला किती लागतं माहितीये? फक्त 6 ग्रॅम खायचा सोडा. सव्वा चमचा! पण तो रोज, आणि एकदम नाही तर दिवसभरात विभागून. माणसाला हे जमत नाही, मला तर नाहीच जमलं.

आता आमच्या घरी हे समजावणं सोपं गेलं कारण काकांची केळीची बाग आहे आणि ठिबक आहे. मी फोनवर म्हणालो, काका, डोसिंग पंप म्हणजे ठिबकच, रबरी नळी रोलरखाली दाबली जाते आणि तासाला 3 मिली पुढे सरकतं, एका नळीतून सोड्याचं पाणी, दुसरीतून कॅल्शियम क्लोराइड. त्यांनी लगेच विचारलं, दोन वेगळ्या टाक्या ना? कारण कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेटवालं खत एका टाकीत कालवलं की खाली साका बसतो आणि ड्रिपर चोक होतात, हे त्यांना पक्कं माहीत. इथेही अगदी तेच, सोडा आणि कॅल्शियम एकत्र आले की पांढरा चोथा. मी हे इंटरनेटवर तीन रात्री वाचून शिकलो होतो, काकांनी दहा सेकंदांत सांगितलं.

दुसरी पद्धत म्हणजे चुन्याची निवळी. इकडे तिला काल्कवासर म्हणतात, पेटर विल्केन्स यांनी 1970 च्या दशकात ती रूढ केली. जर्मन लोकांचा या छंदात मोठाच हात आहे, ते वरचं सोडा आणि कॅल्शियमच्या दोन बाटल्यांचं तंत्रसुद्धा हान्स-वेर्नर बालिंग यांच्या नावाने बालिंग पद्धत म्हणूनच चालतं. तर निवळी म्हणजे आपली तीच, पानाला लावायचा चुना पाण्यात ढवळायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं. आई पहिल्यांदा आली तेव्हा डबा बघून म्हणाली, माशांना विडा देतोस का रे. लिटरला जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो, पण त्यातून कॅल्शियम आणि केएच दोन्ही बरोब्बर हव्या त्या प्रमाणात मिळतात, आणि हिवाळ्यात खिडक्या बंद असल्यामुळे घरात कार्बन डायऑक्साइड साठून टँकचा पीएच खाली येतो तोही निवळी वर धरते. हीटिंग चालू असलं की रोज दोन लिटर पाणी उडतं, तेवढीच निवळी घातली की जवळजवळ 1 डिग्री भरून निघते. म्हणजे हिशेब इतका सुंदर जुळतो की मी हुरळून गेलो, वीस लिटरचा कॅन भरून निवळी केली आणि थेट ऑटो टॉप-ऑफला (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राला) जोडली. पाणी खाली गेलं की फ्लोट खाली जातो, पंप सुरू होतो, पाणी वर आलं की बंद. वीस लिटर म्हणजे दहा दिवस बघायला नको!

पाचव्या की सहाव्या रात्री एक गोगलगाय फ्लोटवर जाऊन बसली. तिच्या वजनाने फ्लोट खालीच राहिला, पंपाला वाटलं पाणी कमी आहे, आणि तो बिचारा इमानेइतबारे रात्रभर चालत राहिला. सकाळी टँक म्हणजे ताकाचं पातेलं. बारा लिटर निवळी आत गेलेली, पीएच 9 च्या वर, संप (टँकखालची जोडटाकी) काठोकाठ. अर्धं पाणी बदललं, सोडा वॉटरच्या बाटल्या ओतल्या (त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच खाली येतो), ऑफिसला आजारी आहे असं कळवलं. मासे वाचले. अ‍ॅक्रोपोरा जातीचे कोरल तीन होते, तिन्ही गेले, आठवडाभरात कातडी सुटल्यासारखे पांढरे पडत. गोगलगाय ठणठणीत.

तिथून पुढे मी खरेदीच वेगळ्या डोक्याने करायला लागलो. हे यंत्र काय काय करू शकतं हे कंपनी सांगतेच, मी बघतो की ते रात्री दोन वाजता वेडं झालं तर जास्तीत जास्त किती नुकसान करेल. टॉप-ऑफच्या कॅनमध्ये आता फक्त साधं आरओचं पाणी, आणि कॅन दहा लिटरचाच. सगळा रिकामा झाला तरी खारटपणा हजारी 35 वरून 33 च्या थोडा वरच राहतो, कुणी मरत नाही, आणि संपमध्ये दहा लिटरची जागा मी मुद्दाम मोकळी ठेवलीये. फ्लोट दोन लावलेत, एक नेहमीचा, एक वरती इमर्जन्सीचा, दोन्हींवर जाळी. डोसिंगच्या नळ्यांची टोकं पाण्याच्या वर लटकतात, बुडवायची नाहीत, नाहीतर पंपाची नळी फाटली की सायफन सुरू होतो. निवळी चालू आहे अजून, पण वेगळ्या पंपाने, रात्री थोडी थोडी, आणि भांड्यात एका दिवसापुरतीच.

आणि हो, ठिबकसारखंच इथेही चोक होतं. निवळीच्या नळीच्या टोकाला चुनखडी धरते, ती दर दोन आठवड्यांनी व्हिनेगरमध्ये बुडवतो (काका अ‍ॅसिड सोडतात, तत्त्व एकच). सोड्याच्या पंपाची रबरी नळी सैल पडत जाते, 3 मिलीचे 2.6 कधी झाले कळत नाही, अ‍ॅपवर मात्र 3 च दिसतात. म्हणून महिन्यातून एकदा मेजरिंग सिलिंडर घेऊन बसायचं. हे काम कुठलाही पंप करत नाही.

तर गावाला जाताना. निघायच्या दोन आठवडे आधी निवळी पूर्ण बंद करून फक्त दोन बाटल्यांवर येतो, म्हणजे काही बिघडणार असेल तर माझ्यासमोर बिघडू दे. शेवटच्या आठवड्यात नवीन काहीही करत नाही, ना नवा मासा ना नवा दिवा. दिवसाला 72 मिली म्हणजे आठवड्याला अर्धा लिटर, म्हणून अर्ध्या लिटरच्या तीन-तीन बाटल्या भरून ठेवतो, लाल पट्टीवाली लाल नळीला, निळी निळ्याला. हे शेजारच्या आजी करतात. पहिल्या वर्षी त्यांना माशांची दया येऊन त्यांनी अख्खा डबा संपवला होता, परत आलो तर काचेवर हिरवी शेवाळाची शाल. आता गोळ्यांची ती वारांची डबी असते ना, तिच्यात रोजचं खाणं मोजून ठेवतो आणि मोठा डबा कपाटात कुलपात. दर चार दिवसांनी कॅन भरायचा, खुणेपर्यंत. बाकी कशाला हात लावायचा नाही, अगदी मासा मेलेला दिसला तरी मला फोटो पाठवायचा.

कॅमेराही आहे एक, पण जळगावला बसून पाणी थोडं गढूळ दिसतंय का असं बघत झोप उडवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही, बायकोने मागच्या वर्षी माझ्या फोनमधून ते अ‍ॅपच काढून टाकलं.

तुमचा टँक सहा महिन्यांचा आहे म्हणालात आणि चार हेडवाला (चार नळ्या चालवणारा) डोसिंग पंप कुठला घेऊ असं विचारलंत. सध्या कुठलाच नको. केएचचं चांगलं किट घ्या, दोन दिवस काहीही न घालता रोज एकाच वेळी मोजा, सकाळी आठ तर सकाळीच आठ, फरक किती पडतो तो आकडा लिहून ठेवा. महिनाभर हाताने घाला. आकडा स्थिर आला की मला कळवा, मग पंपाचं बघू.