ट्रकमधून ट्रेलरची बॅटरी चार्ज करताना

ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या सात पिनांच्या सॉकेटमधली चार्जिंगची वायर बारीक असते, आणि खरी गोम तिथेच आहे. 5 चौरस मिमी तांब्याच्या वायरीतून 10 मीटर अंतरावर 20 अँपिअर नेले, तर जाऊन-येऊन सुमारे 1.3 व्होल्ट वाटेतच गळतात. अल्टरनेटरपाशी, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रापाशी, 14.2 असले तरी ट्रेलरपर्यंत 12.9 पोहोचतात, एवढ्यावर लेड-ॲसिड बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. 16 चौरस मिमी वायर टाकली की गळती अर्ध्या व्होल्टच्या आत येते.

तरीही डीसी-टू-डीसी चार्जर (येणारे व्होल्टेज बॅटरीला हवे तेवढे करून देणारा) लावाच, आणि तो ट्रेलरच्या बॅटरीजवळ बसवा. नव्या गाड्यांचा स्मार्ट अल्टरनेटर व्होल्टेज मध्येच उतरवतो, तिथे साधा रिले (इंजिन चालू असताना दोन्ही बॅटऱ्या थेट जोडणारा स्विच) निरुपयोगी. लिथियम बॅटरी तर थेट जोडूच नका: ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि इंजिन आयडलवर असताना अल्टरनेटर तापून जळू शकतो.

20 अँपिअरचा चार्जर इनपुटला 26 च्या आसपास घेतो, म्हणून वायरीच्या दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, 40 अँपिअरचा फ्यूज हवा. निगेटिव्हसाठी तेवढ्याच जाडीची वेगळी वायर ओढा. त्यासाठी हिचच्या गोळ्यावर (ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा) भरवसा ठेवू नका, तिथे ग्रीस आणि गंज असतो. चार्जरची ट्रिगर वायर (त्याला चालू-बंद करणारी) इग्निशनला जोडा, नाहीतर मुक्कामात ट्रकचीच बॅटरी उतरेल.