आबांची फाउंड्री आणि माझं पी-५३

कॅन्सरवर पीएच.डी. करते म्हटलं की राजारामपुरीतल्या मावशीपासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळे एकच विचारतात, औषध सापडलं का? नाही हो. पी-५३ नावाचं एक प्रोटीन पेशीत किती वेळ टिकतं, एवढंच मी बघते.

आबांना मात्र हे लगेच कळलं. त्यांची हयात शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत गेली. कास्टिंगमध्ये खोट निघाली की त्यावर पेंटची खूण करायची आणि ते परत भट्टीत टाकायचं. पेशीत ही खूण म्हणजे युबिक्विटिन, ७६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रोटीन. त्याची साखळी ज्याला चिकटली, त्याचे प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतली भट्टी, तुकडे करतं. अमिनो आम्लं पुन्हा वापरात. (२००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच शोधाला.)

डीएनए बिघडला की पी-५३ पेशीचं विभाजन रोखतं. एरवी एमडीएम२ नावाचं प्रोटीन त्याच्यावर सतत खूण करत असतं, म्हणून वीसेक मिनिटांत ते निम्म्यावर येतं. पुष्कळ कॅन्सरमध्ये पी-५३ चं जनुकच बिघडलेलं असतं. पण प्रयोगशाळेत वाढवतात त्या हेला पेशींची तऱ्हा वेगळी. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या या पेशींत ते जनुक धडधाकट आहे, प्रोटीनही बनतं. फक्त एचपीव्ही विषाणूचं ई६ नावाचं प्रोटीन पेशीतल्याच एका एन्झाइमला हाताशी धरून चांगल्या मालावर खूण मारून घेतं!

माझं काम म्हणजे सायक्लोहेक्झिमाइड टाकून नवं प्रोटीन बनणं थांबवायचं, थोड्या थोड्या वेळाने पेशी गोळा करायच्या आणि वेस्टर्न ब्लॉट लावायचा, म्हणजे जेलमधली प्रोटीनं विजेवर एका पडद्यावर उतरवायची (ही ट्रान्सफर) आणि पी-५३ ची पट्टी किती गडद ते बघायचं. पावसाळ्यात ट्रान्सफर चालू असताना लाइट गेली की कपाळावर हात.

"मग भट्टीच बंद कर की गं," आबा म्हणाले.

तेही करतो. एमजी-१३२ टाकलं की प्रोटिअसोम अडतं आणि पी-५३ ची पट्टी दिसायला लागते. पण बाकीचं भंगारही साठतं, आणि पेशी त्यातच मरते. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये हेच कामी येतं. त्या पेशी प्रोटीन इतकं बनवतात की भंगार तुंबलेलं त्यांना सोसत नाही. त्यावरचं बोर्टेझोमिब हे प्रोटिअसोम अडवणारं औषध २००३ पासून वापरात आहे.

मी मात्र खूण मारायला लावणाऱ्याच्या मागे आहे. ई६ बनवायचा निरोप, म्हणजे त्याचा आरएनएच तोडला तर पी-५३ परत दिसतं. आता ते टिकतं किती, हे बघायचंय. ट्रान्सफर रात्री लावते, तेव्हा लाइट सहसा जात नाही.