झाकण उघडायचं नाही!

टेक्सासात घरातला एसी बंद पडला आणि तुमच्याकडे होम वॉरंटी (घरातली यंत्रं वापरून बिघडली तर दुरुस्तीची हमी देणारा वर्षाचा करार) असेल, तर पहिला नियम असा की यंत्राला कोणी हात लावायचा नाही. ओळखीचा मेकॅनिक बोलवायचा नाही, स्वतः स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा नाही. कंपनीच्या पोर्टलवर तक्रार टाकायची, भेटीची फी कार्डातून कापू द्यायची आणि कंपनी धाडेल त्या माणसाची वाट बघायची. मधे दुसऱ्या कोणी काही केलं, तर ‘अनधिकृत दुरुस्ती’ म्हणून दावा फेटाळायला त्यांना कारण मिळतं.

एरवी मला हा नियम खटकला नसता. पण यंदा जुलैत डॅलसजवळच्या आमच्या फ्रिस्कोच्या घराचा एसी गेला तेव्हा सासू-सासरे इथे होते आणि सासऱ्यांची सगळी नोकरी वीज मंडळात झालेली. (महावितरण होऊन इतकी वर्षं झाली, तरी ते मंडळच म्हणतात.) ब्रेकर दोनदा पडलेला बघून त्यांनी बसल्या जागी निदान केलं, "कॉम्प्रेसरचं वाइंडिंग गेलंय. आता ब्रेकर उचलू नकोस. झाकण उघडून मीटर लावू दे, दोन मिनिटांत सांगतो." आणि मी, त्यांची सून, त्यांना म्हणाले, "बाबा, नको. करारात बसत नाही."

ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या घरची वीज परत आणली, त्याला असं पंख्याखाली बसवून ठेवणं किती अवघड असतं ते विचारू नका. सासूबाईंचा प्रश्न तर त्याहून सरळ होता. "अगं, वर्षाचे पैसे आधीच भरलेत ना तुम्ही? मग माणूस का येत नाही?"

माणूस का येत नाही, तर करारात लिहिलेलं आहे ‘४८ तासांत कामाला सुरुवात’. सुरुवात म्हणजे काय? कंपनीने आपल्या यादीतल्या एका ठेकेदाराकडे काम ढकललं की झाली सुरुवात. तो ठेकेदार येणार त्याच्या सवडीने, आणि जुलैत डॅलसमध्ये एसीवाल्याला सवड नसते. २०११च्या उन्हाळ्यात इथे ७१ दिवस पारा शंभर फॅरनहाइटला किंवा त्यापुढे गेला होता. शंभर म्हणजे आपले जवळपास ३८. सोलापूरकर यावर हसतील, त्यांच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ४३-४४ सहज होतं. सासरेही पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी नाही हसले. सोलापूरच्या जुन्या माळवदाच्या घरात जाड भिंती आहेत, समोरासमोर खिडक्या आहेत, रात्री गच्चीवर अंथरूण टाकता येतं. इथलं घर म्हणजे लाकडी सांगाडा, त्यावर विटांचं एक पातळ आवरण, वर दिवसा ५० अंशांच्या पुढे तापणारा पोटमाळा. हे घर एसी चालणार हे धरूनच बांधलेलं आहे. एसी नसला की ते घर राहत नाही, तापलेली पेटी होते. शेजारच्या टेक्सन आजोबांनी न मागता एक चाकांचा पोर्टेबल एसी आणून दिला. खिडकीत बसवायचा देणार होते, पण तो रस्त्यावरून दिसला तर आमची सोसायटी, म्हणजे एचओए, नोटीस पाठवते. सगळे एका खोलीत झोपलो.

तुमच्यापैकी बरेच जण म्हणाल, बिल्डर जबाबदार नाही का? नव्या घराला इथे साधारण एक-दोन-दहा असा हिशेब असतो. बांधकामातल्या कसुरीला १ वर्ष, वायरिंग-पाइप-डक्ट यांना २, मूळ ढाच्याला १०. आपल्या रेरा कायद्यात कलम १४(३) खाली ताब्यापासून ५ वर्षं ढाच्याचीही आणि कारागिरीचीही जबाबदारी बिल्डरवर आहे, आणि हे मी इथल्या सहकाऱ्यांना ऐकवत असते. अंमलबजावणीचं विचारू नका. असो, आमचं घर जुनं घेतलेलं, त्यामुळे बिल्डर सुटला. घराचा विमा आहे, पण तो अचानक आलेल्या संकटाला. गारपिटीने बाहेरच्या युनिटचे पत्रे चेपले तर विमा बघतो (तेही आपला मोठा हिस्सा आधी भरल्यावर), यंत्र वापरून थकलं तर नाही. थकलेल्या यंत्रासाठी ही होम वॉरंटी. जुन्या घराच्या व्यवहारात बरेचदा विकणारा पहिल्या वर्षाचे पैसे भरतो, आम्हालाही तशीच मिळाली. पुढे आमचं वर्षाचं ७०० डॉलरच्या आसपास आणि प्रत्येक भेटीला शंभर.

आता मूळ मुद्दा. हा सगळा डोलारा कशावर उभा आहे माहीत आहे? ठेकेदाराचा माणूस तपासून झाल्यावर फोनच्या अ‍ॅपमध्ये जे एक वाक्य लिहितो, त्यावर. त्याने ‘नेहमीच्या वापराने झीज’ असं लिहिलं तर पैसे कंपनीचे. ‘कॉइल (म्हणजे गॅस फिरतो ती नळ्यांची जाळी) घाण, देखभाल नाही’ असं लिहिलं तर पैसे तुमचे. ‘बसवतानाच चुकीचं बसवलेलं’, तुमचे. ‘आधीपासूनचा दोष’, तुमचे. ‘गंज’ हा तर शब्दच घातक, कारण तेरा-चौदा वर्षं उघड्यावर उभ्या असलेल्या लोखंडी पेटीला गंज नसेल तर काय सोनं लागेल? कंपनीच्या कचेरीत बसलेला माणूस तुमचं यंत्र कधीच बघत नाही. तो ते वाक्य बघतो. ते वाक्य लिहिणाऱ्याला पुढचं काम मिळतं त्याच कंपनीकडून. मला वाटतं, याला कोणी भ्रष्टाचार म्हणणार नाही, कारण हे सगळं करारात, छापील, पान नंबरासह आहे. आपल्याकडचा मेकॅनिक दर मार्चला येऊन "गॅस कमी आहे ताई" म्हणतो तेव्हा निदान आपल्याला कळतं तरी की तो आपल्याला गंडवतोय, आणि आपण त्याच्याशी भांडू शकतो. इथे भांडायला समोर माणूसच नाही, एक वाक्य आहे.

शेवटी आला तो तरुण मेक्सिकन वंशाचा मुलगा होता. ट्रकवर नियमाप्रमाणे टेक्सासचा परवाना क्रमांक रंगवलेला. सासरे अर्थातच त्याच्या मागोमाग बाहेर. भाषा अडत होती, पण त्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि काय ओळखलं कोण जाणे, झाकण काढल्यावर मीटरची एक तार सरळ त्यांच्या हातात दिली. एक टोक कॉम्प्रेसरच्या टर्मिनलला, दुसरं तांब्याच्या पाइपला. तिथे जोड दाखवायला नको होता, आणि मीटर ओरडला. वाइंडिंग ग्राउंडला शॉर्ट, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी बाहेरच्या धातूला टेकलेली. बाबांनी माझ्याकडे जे बघितलं, ते बघणं मी विसरणार नाही. मग त्या मुलाने पाठवण्याआधी ते वाक्य मला वाचून दाखवलं. कॉम्प्रेसर शॉर्ट, वयोमानाने झीज, कॉइल स्वच्छ. ‘कॉइल स्वच्छ’ हे त्याने आपणहून घातलं होतं. मी त्याला थंड पाणी आणि सासूबाईंच्या भाकरवड्या दिल्या. टीप द्यायला गेले तर घेतली नाही, भाकरवड्यांचा डबा मात्र घेतला.

तरीही कंपनीने देखभालीच्या पावत्या मागितल्याच. माझ्याकडे होत्या, दर वसंतात एसीची आणि दर शरदात भट्टीची, म्हणजे थंडीत घर गरम करणाऱ्या गॅसच्या यंत्राची, तपासणी आम्ही करून घेतो. इथल्या मराठी मंडळींतले निम्मे हे करत नाहीत, आणि मग दावा नाकारला की ग्रुपवर लांबलचक लिहितात. जुनं घर घेणार असाल तर आधीच्या मालकाकडच्या पावत्यासुद्धा मागून घ्या, व्यवहार पुरा होण्याआधी. नंतर तो फोन उचलत नाही.

दावा मंजूर झाला आणि खरी मजा पुढे. आमचं यंत्र आर-४१०ए गॅसवरचं. अमेरिकेत १ जानेवारी २०२५पासून त्या गॅसवरची नवी घरगुती यंत्रणा बनवणं बंद आहे, कारण हवेत सुटला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजारपटींहून अधिक उष्णता धरतो. नवी युनिटं येतात ती आर-४५४बी नाहीतर आर-३२वर. (आर-३२ आपल्याकडच्या स्प्लिट एसींत कित्येक वर्षं आहे, सोलापूरच्या घरातही तोच आहे. इथे विक्रेता तो मला भविष्य म्हणून समजावत होता.) हे गॅस किंचित ज्वलनशील, म्हणून पोटमाळ्यातली आतली कॉइलही बदलायची, त्यात गळतीचा सेन्सर हवा. जुनी कॉइल आणि नवं बाहेरचं युनिट यांचं लग्न लागत नाही. कंपनीचं पत्र आलं त्यात बाहेरचं युनिट मान्य होतं, आणि खाली मान्य नसलेल्या गोष्टींची रांग. जुना गॅस काढून घेणं, नगरपालिकेचं परमिट, नव्या नियमांसाठीचे बदल, डक्टचा जोड, पाणी साचायची परात, जुन्या यंत्राची विल्हेवाट. शिवाय एकूण रकमेला कमाल मर्यादा. यंत्रणा बदलायचा बाजारभाव १०-१२ हजार डॉलर, आणि मर्यादा त्याच्या कितीतरी खाली.

जुना गॅस काढून घेण्याचं मला कौतुकही आहे. इथे तो हवेत सोडणं कायद्याने गुन्हा आहे, परवानाधारक माणूस सिलिंडर लावून तो शोषून घेतो. पुण्यात माझ्या माहेरी मेकॅनिकने गच्चीवर फुस्सकन सोडून दिलेला मी पाहिलाय. फक्त कायदा सरकारचा, खर्च माझा आणि वॉरंटी कंपनी दोघांच्या मधून अलगद निघून गेलेली, हे जरा लागलं.

मग त्यांनी दुसरा पर्याय दिला, रोख घ्या आणि स्वतः बघा. रोख म्हणजे बाजारभाव नव्हे, त्यांना ठोक दराने जे पडलं असतं ते. आम्ही ते घेतलं, पदरचे घातले आणि आपला ठेकेदार नेमला. एका दिवसात काम झालं. नव्या यंत्राला उत्पादकाची सुट्या भागांची १० वर्षांची हमी आहे, पण मुदतीत ऑनलाइन नोंदणी केली तर, नाहीतर ती ५वर येते. मजुरी कशातच नाही. नोंदणी त्याच संध्याकाळी केली.

सासऱ्यांचं म्हणणं पडलं की यात वेगळं काय आहे, आपल्या साध्या एएमसीतही, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारातही, कॉम्प्रेसर, गॅस आणि पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड) धरलेले नसतातच. खरं आहे. पण आपल्याकडे निदान झाकण उघडायला सहसा कोणी अडवत नाही. इथे दाद मागायची तर परवाने देणारं राज्याचं खातं आहे, टीडीएलआर. २०२१पासून या कंपन्या त्याच्या अखत्यारीत आहेत, तक्रार ऑनलाइन होते. मी केली नाही, कारण करारातल्या एकाही ओळीचा भंग झालेला नव्हता. तीच तर तक्रार होती.

आणि हो, विचाराल म्हणून सांगते, वॉरंटी मी पुढच्या वर्षासाठी चालू ठेवली आहे. एसी नवा झाला तरी भट्टी जुनीच आहे, हीट एक्स्चेंजरला तडा गेला तर घरात कार्बन मोनॉक्साइड सुटायची भीती असते आणि तपासणारा तिथल्या तिथे गॅस बंद करून लाल चिठ्ठी लावून जातो. शिवाय पाण्याचा हीटर आहे, डिशवॉशर आहे. सातशे डॉलर काही फार नाहीत. नवऱ्याला हा हिशेब पटलेला नाही. त्याने एक तक्ता करून मला पाठवला आहे. मी तो उघडलेला नाही.