समर कोर्सचा लॉग, भाग ३: फायनल झालेला सिलॅबस परत उघडला

मागच्या भागात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की सिलॅबस फायनल झाला, आता फक्त स्लाइड्स बनवायच्यात. ते शब्द मागे घेतो. गेल्या रविवारी भाचा आणि त्याच्या वर्गातले तिघं असे चार जण समोर बसवून पहिल्या दोन दिवसांचं सेशन घेऊन बघितलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्या शीटची पार वाट लागली होती.

नवीन वाचणाऱ्यांसाठी, हा प्रोग्रॅमिंगचा कोर्स हायस्कूलच्या मुलांसाठी आहे, सुट्टीतले १० दिवस, रोज ३ तास, भाषा पायथन, आधीचं काहीही येत नाही असं धरून.

पहिला दणका इन्स्टॉलेशनचा. मी अर्धा तास धरला होता, गेला दीड. एकाच्या लॅपटॉपला ॲडमिन पासवर्ड माहीत नाही, एकाकडे कधीचं तरी जुनं व्हर्जन पडलेलं, आणि ज्याचं पाच मिनिटांत झालं तो बिचारा बाकीच्यांची तोंडं बघत बसला. आता ठरवलंय की पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडायचेच नाहीत आणि नंतरही सगळं ब्राउझरमध्येच चालवायचं. इन्स्टॉल कसं करतात हे ज्याला हवंय त्याला शेवटच्या दिवशी दाखवीन.

मग पहिल्या दिवशी काय, तर पत्ते. पॅरिटीची, म्हणजे सम-विषमची, ती जुनी ट्रिक बऱ्याच जणांना माहीत असेल, मुलांनी ५ बाय ५ असे २५ पत्ते सुलटे-पालथे कसेही मांडायचे, आपण 'जरा अवघड करूया' म्हणत एक आडवी आणि एक उभी ओळ वाढवायची (एकूण ३६), आणि वाढवताना प्रत्येक ओळीत पालथे पत्ते सम राहतील असं बघायचं. मग पाठ फिरवायची, कोणीतरी एक पत्ता उलटवायचा, आणि जी आडवी नि जी उभी ओळ विषम झाली ती जिथे छेदतात तो पत्ता. तीनदा बरोबर ओळखला, चौथ्यांदा भाच्याने गपचूप एकाच आडव्या ओळीतले दोन उलटवले. आडव्या ओळी सगळ्या सम, उभ्या दोन विषम, मी गप्प. 'मामा, आता सांग ना.' मी म्हणलं तूच सांग मला का येत नाहीये ते. मग चौघं जमिनीवर पालथे पडून अर्धा तास भांडत होते आणि शेवटी त्यांचं त्यांनीच काढलं की गडबड झालीय एवढं कळतं पण कुठल्या ओळीत ते कळत नाही. चूक पकडणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं, यावर माझ्या ६ स्लाइड्स होत्या, सहाही डिलीट केल्या.

आता खरी मजा. दुसऱ्या दिवसाचा प्रोग्रॅम म्हणजे आकडा ओळखा, एकाने १ ते १०० मधला गुप्त आकडा टाइप करायचा, दुसऱ्याने ओळखायचा, टाकलेला आकडा लहान आहे का मोठा ते प्रोग्रॅम सांगणार. दर वेळी मधोमध विचारत गेलं की ७ प्रयत्नांत आकडा सापडतोच, १००० असतील तर १०, दहा लाख असले तरी २०, इथे पोरांचे डोळे मोठे होतात म्हणून हा गेम ठेवलेला. पहिले दोन डाव मस्त झाले. तिसऱ्यात गुप्त आकडा ३७, आणि ओळखणारीने मधोमध वगैरे सोडून सरळ ९ टाकला. उत्तर आलं मोठा आहे. ५ टाकला, मोठा. ४, मोठा. ३ टाकला तर लहान! तीन लहान, चार मोठा, मग आकडा आहे कुठे? 'हा चीटिंग करतोय' म्हणाली, आणि मीही दोन मिनिटं स्क्रीनकडे बघतच राहिलो.

तर झालं असं की रात्री उशिरा लिहिलेल्या कोडमध्ये दोन्ही इनपुटना इंट(), म्हणजे टाइप केलेल्याचा आकडा करणारी आज्ञा, लावायचं राहून गेलं होतं. इनपुट() जे देतं तो मजकूर असतो, आकडा नाही, आणि मजकुराची तुलना शब्दकोशासारखी पहिल्या अक्षरापासून होते, म्हणजे ९ विरुद्ध ३७ मध्ये आधी ९ आणि ३ भिडतात, ९ जिंकला, विषय संपला. एक मजकूर आणि एक आकडा असता तर पायथनने एरर तरी फेकली असती, इथे दोन्ही मजकूर म्हणून गपचूप चाललं. आणि दोन अंकी आकडे एकमेकांशी बरोबरच तोलले जातात, त्यामुळे ३७ साठी मधोमध खेळणाऱ्या शहाण्या मुलांना हा बग दिसलाच नसता.

हा बग आता मुद्दाम ठेवणार आहे. डेटा टाइप्सचं (मजकूर, आकडा असे माहितीचे प्रकार) जे टेबल मी दोन संध्याकाळी बसून रंगवलं होतं त्यापेक्षा हे दहा मिनिटांचं भांडण जास्त शिकवून गेलं, आणि मग बाकीचे दिवसही त्याच नजरेने बघायला लागलो की मशीन चुकलं असं वाटायला लावणारी जागा कुठे आहे, तिथून सुरुवात करायची. चौथा दिवस सापडला: 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर ५ येते, डोळ्याला तर तीनच अक्षरं दिसतात, कारण काना आणि वेलांटी वेगळे मोजले जातात. शब्द उलटा करून छापला तर वेलांटीच सगळ्यात पुढे येऊन लटकते. स्वतःच्या नावावर करून बघायला सांगायचं, पुढचं सगळं तेच विचारतील. पाचव्याला ०.१ अधिक ०.२ वालं, जे नेमकं ०.३ येत नाही कारण एक दशांश बायनरीत, म्हणजे मशीनच्या ० आणि १ च्या भाषेत, कधी संपतच नाही, जसा एक तृतीयांश आपल्याकडे संपत नाही.

सिलॅबसमधून उडवलेलं: पायथनमधले क्लासेस, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं), मशीन लर्निंगची 'झलक'. रिकर्शनचं वाईट वाटलं. सॉर्टिंग (क्रमाने लावणं) ठेवलंय, पत्त्यांवरच, १० पत्ते प्रत्येक जोडी तपासत लावायचे तर ४५ तुलना हाताने करून बघितल्या की कंटाळाच पुरेसा बोलतो.

अडलोय तो नवव्या आणि दहाव्या दिवसावर, प्रोजेक्टवर. मोकळं सोडलं तर सगळ्यांना थ्रीडी गेम करायचाय, मी विषय दिले तर होमवर्क वाटतो. कोणी हे नीट जमवलं असेल तर सांगा.

येत्या रविवारी तिसऱ्या-चौथ्या दिवसाची ट्रायल. भाच्याने पत्त्यांचा कॅट परत दिलाय, त्यात दोन पत्ते कमी आहेत, पण ३६ च लागतात म्हणून चालून जाईल.