धोपा आटोक्यात आणताना : चौथ्या पावसाळ्याची नोंद

न्हाणीमागचा धोपा आज मोजला (तुमच्याकडे अळू म्हणत असतील). 9 कोंब. मागच्या वर्षी याच दिवसांत मोजायची सोयच नव्हती. 11 फूट लांब, 7 फूट रुंद नुसतं रान माजलं होतं, विहिरीच्या ओट्याकडे जायला पानं सारावी लागायची.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यातलं, जमीन काळी. 2022 च्या मृगात माहेराहून 4 कंद आणून मीच सांदवाडीत (घरामागच्या परसात) लावले होते. महालक्ष्म्यांच्या वड्यांना पानं घरची हवीत, एवढंच मनात होतं. न्हाणीचं पाणी बारमाही मिळालं आणि तो सुटलाच.

पुढची दोन वर्षं मी भर श्रावणात खोदत राहिले, तिथंच चुकलं. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली की कंद निघाल्यासारखा वाटतो, पण अंगाला चिकटलेली बारकी पिल्लं तुटून चिखलात राहतात आणि प्रत्येक पिल्लाचं झाड होतं. त्यात आमची जात धावणारी. पेन्सिलीएवढं जाड, पांढुरकं खोड मातीलगत आडवं पळतं. एक अख्खं हाती लागलं, ते सव्वातीन फूट भरलं. त्याच्या पेरापेराला खाली केसांसारखी मुळं आणि वर गुलाबी टोकाचा कोंब. मुळी समजून असले कितीतरी तुकडे मी तिथंच टाकले होते. काही उकिरड्यावर गेले, तिथून शेणखताबरोबर शेताच्या धुऱ्यावर, आणि तिथंही उगवले. नाल्यात तर चुकूनही टाकू नका, काठ धरून तो खालपर्यंत जातो.

आत्याबाई पहिल्यापासून म्हणत होत्या, "पयले त्याचं पाणी तोड वं, मंग खोद." यंदा ऐकलं. मार्चमध्ये पाइप टाकून न्हाणीचं पाणी केळीकडे वळवलं. एप्रिलअखेर पानं वाळून गेली, जमिनीला भेगा पडल्या. वरून मेल्यासारखा दिसला तरी खाली कंद जिवंतच असतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे 5 ते 8 असं आठ दिवस काम केलं. सब्बलीनं ढेकळं उचकटायची आणि कुदळीच्या उलट्या बाजूनं हलकेच फोडायची. कोरड्या ढेकळातून कंद अख्खा सुटतो, पिल्लं त्याच्या अंगालाच राहतात. फूटभर खोल गेले आणि सगळी माती रेतीच्या चाळणीतून काढली. सुपारीएवढे, काही तर बोराच्या बीएवढे कंद चाळणीत वाजायचे. एकूण 3 घमेली निघाले. महिनाभर टिनावर वाळवले, पार सुरकुतल्यावरच खड्ड्यात टाकले. खाज सुटते म्हणून हाताला आधी खोबरेल लावायचे, नंतर चिंचेच्या पाण्यानं धुवायचे.

शेजारच्या काकांनी पऱ्हाटीतलं (कपाशीतलं) तणनाशक सुचवलं होतं. विहीर 12 फुटांवर असल्यानं ते मनाला पटलं नाही. शिवाय या पानावर पाणी ठरतच नाही, पाऱ्यासारखं घरंगळून जातं. मग फवारा जाणार कुठं, तर मातीतच.

पहिल्या पावसानंतर 41 कोंब आले. जीव खट्टू झाला, पण दर रविवारी खुरपं घेऊन बसले. दोन पानं उघडायच्या आतच कोंबाचा माग काढत कंदापर्यंत जायचं. नुसतं वरून छाटलं तर कंद पुन्हा फुटतो. पानं पसरू दिली तर तीच कंद पोसतात. जुलैत 17 उरले, आज 9.

धोपा घरातून घालवायचा नाहीच. 200 लिटरचा निळा ड्रम अर्धा कापला, तळाला बारीक भोकं पाडली आणि काठ चार बोटं वर ठेवून पुरला. त्यात 3 कंद आहेत. काठावरून खोड डोकावलं की विळ्यानं उडवते. पाणी भांडी घासायच्या जागेचं, तेही मोजकंच. पोळ्यानंतर 14 पानं निघाली, महालक्ष्म्यांच्या वड्या त्याच्याच झाल्या.

9 पैकी 8 कोंब येत्या रविवारी निघतील. नववा विहिरीच्या दगडी बांधकामाच्या फटीत आहे. तिथं सब्बल चालवली तर दगड हलेल, म्हणून दर आठ दिवसांनी पान तेवढं खुडते आहे. फटीतला कंद कोणी काढला असेल, तर कशानं काढला ते मला कळवा.