कामठी ते तुमसर: नवं संकुल होताना जुन्या मैदानाचं काय न्यायचं?

नागपूर जिल्ह्यातला फुटबॉल बघायचा तर पहिला मुक्काम कामठी, हे सांगायला नको. १८२१ साली इंग्रजांनी कन्हान नदीकाठी वसवलेलं हे छावणीचं गाव. रब्बानी क्लबचं नाव इथल्या शेंबड्या पोट्ट्यालाही ठाऊक. पण कामठी आता खेडं राहिलेली नाही. मला बघायची होती ती त्यापुढची मैदानं, म्हणून इतवारी–रामटेक पॅसेंजरनं कन्हान ओलांडून पुढे गेलो. मनसर, कांद्री, मग पूर्वेला तुमसर तालुक्यातली चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, असा हा मँगनीजचा पट्टा. खाण आली की कामगारांची वसाहत येते, वसाहतीमागे मोकळी जागा असते आणि त्या जागेत कोणीतरी दोन बल्ल्या रोवून गोल उभा करतो.

फिरायला जानेवारी उत्तम. धान चुरून झालेला असतो, बांध्या रिकाम्या, धुऱ्यावर तेवढी तूर उभी. सामना चारला सुरू होतो तो उजेडाच्या हिशेबानं. सहाच्या आत सूर्य बुडतो आणि बहुतेक मैदानांवर दिवे नाहीत. रामटेकला राहिलं तर एस.टी.नं आसपासची गावं होतात. तुमसरच्या बाजूला जायचं तर स्वतःची गाडी बरी. रेल्वेनं तुमसर रोड स्टेशनावर उतरलं तरी गावात यायला पुन्हा ऑटो बघावा लागतो.

या वेळी कुठल्याही मैदानाच्या कडेला बसलं की बोलणं एकाच विषयावर यायचं: तालुक्याचं नवं क्रीडा संकुल. कुठे जागा ठरलेली, कुठे कंपाउंड झालेलं, कुठे नुसताच फलक. सामने तिकडे जाणार हे सगळ्यांना मान्य आहे. कपडे बदलायला खोली, प्यायला पाणी, मुलींसाठी संडास कोणाला नको आहे? प्रश्न असतो तो जुन्या मैदानातलं काय सोबत न्यायचं याचा, आणि उत्तरात पुतळा, कमान आणि नाव या तीन गोष्टी आधी येतात. मला हा क्रम उलटा वाटतो. पुतळा दहा वर्षांनीही बसवता येईल. प्रेक्षक रेषेपासून किती लांब बसणार हे मात्र एकदा नकाशात पक्कं झालं की संपलं.

हिशेब करून बघू. ४०० मीटरच्या प्रमाणित धावपट्टीच्या वळणाची आतली त्रिज्या ३६.५० मीटर, सरळ बाजू ८४.३९ मीटर. म्हणजे आतली जागा ७३ मीटर रुंद आणि सुमारे १५७ मीटर लांब. त्यात १०५ × ६८ मीटरचं फुटबॉल मैदान आखलं की बाजूच्या रेषेपासून धावपट्टीपर्यंत अडीच मीटर. त्यापुढे आठ लेन, प्रत्येकी १.२२ मीटर, म्हणजे पावणेदहा मीटर. बाजूचा प्रेक्षक सव्वाबारा मीटर मागे गेला. गोलमागचा प्रेक्षक जातो ३६ मीटर मागे. आज तोच माणूस गोलच्या खांबाला टेकून उभा असतो आणि गोलकीपरला नावानिशी सूचना देत असतो. गोलकीपर ऐकत नाही ही गोष्ट वेगळी. कांद्रीच्या अलीकडे एका बुजुर्गानं नकाशाचा फोटो बघून एवढंच म्हटलं, “तिथून पोट्ट्याच्या पाठीवरचा नंबरबी नाही दिसनार, भाऊ.”

या दुखण्याचा मोठा नमुना लंडनमध्ये आहे. वेस्ट हॅम क्लबनं २०१६ साली ११२ वर्षांचं बोलिन ग्राउंड सोडलं आणि ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या स्टेडियमात बिऱ्हाड हलवलं. खुर्च्या वाढल्या, पण मैदान लांब गेलं, ही तिथल्या चाहत्यांची तक्रार अजून मिटलेली नाही. इटलीच्या युव्हेंटसनं नेमकं उलट केलं. धावपट्टी असलेलं डेल्ले आल्पी पाडलं आणि त्याच जागी २०११ साली धावपट्टीशिवायचं, आधीपेक्षा बरंच लहान स्टेडियम बांधलं.

तालुक्याच्या संकुलात जागा थोडी असली की धावपट्टीच्या पोटात फुटबॉल घालण्याचा मोह होतो. धावपट्टीला सुमारे १७७ × ९३ मीटर, म्हणजे चार एकर लागतात. शेजारी ९० × ६० मीटरचं स्वतंत्र मैदान, चारी बाजूंनी पाच-पाच मीटर सोडून, पावणेदोन एकरांत बसतं. पावणेसहा एकर मिळत असतील तर भांडावं ते या वेगळ्या मैदानासाठी. लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी, नाहीतर संध्याकाळी एका गोलकीपरच्या डोळ्यांत सूर्य. बसायला मातीचा बांध पश्चिमेला घालावा, म्हणजे ऊन प्रेक्षकांच्या पाठीवर येतं. पायरी ४० सेंटिमीटर उंच आणि ७५ सेंटिमीटर रुंद, अशा पाच पायऱ्या पुरतात. बांधाच्या पोटात खोदाईतून निघालेली काळी माती घालू नये. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दोन-तीन वर्षांत पायऱ्यांचे सांधे उघडतात. तिथे मुरूमच हवा, १५ सेंटिमीटरच्या थरांनी, पाणी मारून रोलर फिरवलेला.

अंतराची दुसरी बाजू रस्त्याची. विदर्भातल्या माणसाला हे नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियममुळे कळतं. २००८ साली क्रिकेट सिव्हिल लाइन्समधून वर्धा रोडवर शहराबाहेर गेलं, स्टेडियम देखणं झालं, आणि सामना सुटल्यावर घरी कसं जायचं हा नवा खेळ सुरू झाला. गावातल्या मैदानावर शाळा सुटलेली पोरं दप्तरासकट येतात. संकुल गावापासून चार किलोमीटरवर असेल आणि शेवटची एस.टी. सामन्याआधीच निघून जात असेल, तर कमानीवर कोणाचंही नाव कोरा, ती पोरं येणार नाहीत. संकुल समितीला द्यायच्या निवेदनात बसथांब्याची मागणी पहिल्या पानावर असावी.

आता वस्तूंकडे. सगळ्यांत आधी मोजमाप, जेसीबी येण्याच्या आधी. जुन्या मैदानाचा मध्यबिंदू नेमका कुठे होता हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. लंडनच्या टॉटनहॅम क्लबनं २०१९ साली नव्या स्टेडियममध्ये जुन्या मैदानाचा मध्य पाटी लावून दाखवला, तो नोंद होती म्हणून. गावातलं मैदान सहसा खरा आयत नसतं. ९० × ६० चं असेल तर दोन्ही कर्ण १०८.२ मीटर यायला हवेत. एक मीटर-दीड मीटरचा फरक सर्रास निघतो. कर्णांवर नायलॉनची दोरी ताणून छेदबिंदू घ्यावा, तिथे लोखंडी खुंटी ठोकावी आणि तीन पक्क्या खुणांपासून टेपनं अंतर मोजावं: शाळेच्या भिंतीचा कोपरा, बोअरवेलचा ओटा, हद्दीचा दगड. दोन मापांनी जागा ठरते, तिसरं पडताळणीसाठी. झाड ही पक्की खूण धरू नये. काम सुरू झालं की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. मापं क्लबच्या रजिस्टरमध्ये आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात, दोन्हीकडे असावीत.

जुन्या मैदानाची माती नव्यात घालायची इच्छा जवळपास प्रत्येक ठिकाणी ऐकली. पूर्ण मैदान न्यायचं म्हटलं तर १०५ × ६८ मीटर, १५ सेंटिमीटर खोल, म्हणजे १,०७१ घनमीटर: ३७८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). हे नाद सोडून द्यावा असं प्रकरण आहे. फक्त गोलसमोरचा छोटा चौकोन, १८.३२ × ५.५ मीटर, घेतला तर एका बाजूला सव्वापाच ब्रास होतात. तेही जपून, कारण जुना घट्ट मुरूम आणि नवा भराव वेगवेगळे बसतात, सांध्यावर खळगा पडतो आणि त्यात पहिल्या पावसात पाणी साचतं ते नेमकं गोलकीपरच्या पायाशी. मध्यबिंदूभोवती एक मीटर त्रिज्येची माती हाच शहाणा पर्याय: जेमतेम अर्धा घनमीटर, एका ट्रॉलीत निवांत मावते. मुरूम हे गौण खनिज; ट्रॉली भरण्याआधी तहसीलमध्ये विचारून घ्यावं, नाहीतर वारशाची माती रस्त्यात अडकते.

गोलचे खांब. जुने जीआय पाइपचे खांब आत काँक्रीट घातलेल्या जागी, जमिनीलगत सडतात. वरून रंग चकचकीत असला तरी तिथे हातोडी मारली की आवाज बद्द येतो. असे खांब खेळायला पुन्हा उभे करू नयेत. जमिनीवर १५ सेंटिमीटर सोडून कापावेत, गंज घासून रेड ऑक्साइड मारावा आणि धावफलकाची चौकट किंवा सरावाच्या मैदानाचं फाटक करावं. नियमाचा गोल आतून ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. गावातले बरेच त्याहून लहान निघतात, त्यामुळे नव्या मैदानावर ते तसेही चालत नाहीत. इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबनं वस्तू न नेता आकार नेला हे मला फार आवडलं. १८९२ पासूनच्या गुडिसन पार्क या जुन्या मैदानावर आर्चिबाल्ड लीच या वास्तुरचनाकाराच्या रचनेतली लोखंडी पट्ट्यांची तिरपी जाळी होती. २०२५ साली गोदीतल्या नव्या स्टेडियमच्या विटांच्या बांधकामात तीच जाळी नक्षी म्हणून उतरवली. आपल्याकडे कंपाउंडची भिंत फ्लाय अॅशच्या विटांची होणारच आहे. दोन रंगांच्या ओळी आलटून-पालटून क्लबच्या जर्सीचा पट्टा काढायला वेगळा निधी लागत नाही, फक्त गवंड्याला काम सुरू होण्याआधी चित्र द्यावं लागतं.

नावांच्या फलकावरून भांडणं होतात, म्हणून तो शेवटी ठेवतात. ठेवू नये. देणगीदारांची यादी आपोआप तयार असते, खेळाडूंची नसते. आणि फक्की मारणारा, बॉल शिवणारा, शिटी वाजवणारा यांची तर कधीच नसते. जिल्ह्याकडून खेळलेले, ठरावीक वर्षं क्लबकडून खेळलेले आणि मैदान राखणारे, असे तीन गट आधी ठरावात लिहून घ्यावेत आणि मग नावं गोळा करावीत. नावं आधी गोळा केली तर नियम आडनावं बघून होतात. पत्र्यावरची ऑइल पेंटची अक्षरं इथल्या मे महिन्याच्या उन्हात थोड्याच वर्षांत विटतात. काळ्या ग्रॅनाइटवर कोरून घ्यावीत; आठ-दहा मीटरवरून वाचायची तर अक्षर निदान तीन सेंटिमीटर उंच हवं. त्याहून लहान कोरलं तर अनुस्वार आणि रफार भरून जातात. कोरण्याआधी कागदावरचा नमुना घरच्यांना दाखवून सही घ्यावी. फलक उत्तरेकडे तोंड करून लावावा आणि खाली निम्मी जागा कोरी सोडावी.

जुने फोटो आणि सामन्यांची रजिस्टरं यांचा शत्रू वाळवी. लाकडी शील्ड भिंतीला टेकून ठेवली की मागून पोकळ होते, पुढून कळत नाही. फोटो अल्बमला चिकटलेले असतील तर ओढून काढू नयेत; पानासकट स्कॅन करावेत, ६०० डीपीआयवर.

खर्च नसलेला वारसाही असतो. स्पेनमध्ये अॅथलेटिक बिलबाओच्या सान मामेस मैदानावर पहिल्यांदा खेळायला येणाऱ्या संघाचा कप्तान पिचिची या जुन्या खेळाडूच्या अर्धपुतळ्यासमोर फुलं ठेवतो. नवं स्टेडियम २०१३ साली झालं, पण रिवाज तोच. आपल्याकडे पाहुण्या कप्तानाच्या हातून नारळ फुटतोच. तो आमदारांच्या खुर्चीसमोर न फोडता नावांच्या फलकासमोर फोडला की झालं.

हे सगळं कधी मागायचं? अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता मिळण्याआधी. नंतर प्रत्येक गोष्ट ‘जादा बाब’ होते आणि वर्षानुवर्षं फाइलीत राहते. लंडनच्या आर्सेनल क्लबचंही असंच झालं. २००६ साली हायबरी हे जुनं मैदान सोडून ते नव्या एमिरेट्स स्टेडियमात गेले, आणि नवी इमारत थंड, परकी वाटते हे क्लबनं मान्य करून ती ‘आर्सेनलची’ करायचं काम हाती घेतलं ते २००९ मध्ये. त्यांच्याकडे पैसा होता, म्हणून नंतर जमलं.

राहिलं जुनं मैदान. गुडिसन पाडलं नाही. तिथे आता एव्हर्टनचा महिला संघ खेळतो. गावातल्या मुलींना सरावाला मैदान नसतं, तेव्हा हा नमुना जसाच्या तसा उचलण्यासारखा. मात्र त्याआधी सातबारा बघावा. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत अशा मोकळ्या जागा पुष्कळदा ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेल्या असतात, आणि सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये ही जमीन वनजमीनच असल्याचं म्हटलं आहे. अशा जागेवर भिंत किंवा खोली बांधायला केंद्राची परवानगी लागते. गायरान किंवा गावठाण असेल तर काम सोपं: ग्रामसभेत ठराव घ्यावा, त्यात गट क्रमांक, क्षेत्रफळ आणि ‘खेळाचे मैदान’ हे शब्द स्पष्ट लिहावेत आणि प्रत तहसीलला पोचवून पोच घ्यावी. नुसतं ‘सार्वजनिक उपयोगासाठी’ असं लिहिलं, तर संकुलाचं उद्घाटन होईपर्यंत तिथे आठवडी बाजाराचे ओटे झालेले असतात.