चोरलच्या पाण्याचे दोन आकडे

सीमेपलीकडे जाणाऱ्या नद्यांच्या मोजणीचा सराव इंदूरमध्ये घ्यायचा म्हटलं की पहिली अडचण नदीचीच येते. खान नदी गावातूनच वाहते, पण ती क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला, आणि गंगा फरक्क्याच्या पुढे बांगलादेशात शिरते. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू या खोऱ्यांतले विसर्गाचे, म्हणजे नदीतून दर सेकंदाला किती पाणी जातं त्याचे, सरकारी आकडे गोपनीय वर्गात मोडतात; ते हवे असतील तर अर्ज, हमीपत्र आणि वाट पाहणं आलं. गंमत अशी की खानमधून वाहतं त्यातलं बरंचसं पाणी मुळात नर्मदेचं आहे. नर्मदाकाठच्या जलूदहून पंपांनी वर चढवून ते इंदूरच्या नळांना येतं आणि मोरीतून खानमध्ये जातं. नर्मदेत होतं तोवर त्याच्या आकड्याला कुणाचा आक्षेप नव्हता, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी पोचेपर्यंत ते आंतरराष्ट्रीय खोऱ्यातलं झालं.

म्हणून आम्ही महूच्या पुढे घाट उतरून चोरलवर गेलो. चोरल नर्मदेला मिळते, त्या खोऱ्यातले जुने आकडे कुणालाही मिळतात. सप्टेंबर संपत आलेला, पाणी गुडघ्याच्या वर. तरुण अभियंत्यांच्या दोन तुकड्या केल्या, एक वरचा देश, एक खालचा. मध्ये साधारण तीन किलोमीटर नदी. मधल्या ओढ्यात पाणी नाही, हे आधी चालत जाऊन पाहून घेतलं. दोघांनी सकाळी विसर्ग मोजायचा, दिवसभर पातळी नोंदवायची, काठच्या एकेका विहिरीचं पाणी मोजायचं आणि संध्याकाळी तक्ते अदलाबदल करायचे. तक्त्यात मुद्दाम तीनच रकाने ठेवले होते: वेळ, पातळी, विसर्ग. प्रत्यक्षात बरेच तक्ते एवढेच येतात.

वरच्या तुकडीकडे कपाचा करंट मीटर होता, म्हणजे प्रवाहात फिरणाऱ्या कपांच्या फेऱ्यांवरून पाण्याचा वेग मोजणारं यंत्र. पात्र २२ मीटर रुंद, दर मीटरला एक उभी रेषा, म्हणजे २१ ठिकाणी मोजणी. खोली ७५ सेंटिमीटरच्या आत असली की एकाच बिंदूवर, पृष्ठभागापासून ०.६ खोलीला, वेग घेतात. पाणी त्याहून खोल असेल तर ०.२ आणि ०.८ खोलीला घेऊन सरासरी काढतात. प्रत्येक ठिकाणी निदान मिनिटभर फेरे मोजायचे. मोजणारा प्रवाहाच्या खालच्या अंगाला आणि हाताभर बाजूला उभा राहिला पाहिजे. मीटरच्या अगदी मागे उभं राहिलं की पाय पाणी अडवतात आणि वेग कमी भरतो. आमच्याबरोबर गेज रीडर, म्हणजे नदीची पातळी वाचून नोंदवणारे, म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ असतात, त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांनी मीटर पाण्यात घालण्याआधी वर धरला, कपांवर फुंकर मारली आणि फेरे थांबेपर्यंत बघत राहिले.

"नाना, हे कशाला?" एका मुलीनं विचारलं.

"अगं, झटक्यात थांबला तर बेअरिंगमध्ये वाळू आहे. मग तो खडकवासल्याहून तपासून आणलेला असला तरी काय उपयोग?"

करंट मीटर खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात लांब टाकीवरून ओढून तपासतात आणि फेऱ्यांवरून वेग काढायचं समीकरण देतात. ते समीकरण त्याच मीटरचं असतं, शेजारच्या पेटीतल्या मीटरला ते चालत नाही.

वरच्यांचा विसर्ग आला ६.२ घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे सुमारे २१९ क्युसेक. खालच्यांचा आला ७.४. मधल्या तीन किलोमीटरमध्ये जवळजवळ १९ टक्के पाणी वाढलं! दुपारच्या पातळीनं तर कहर केला. घाटात वर एक सर पडली आणि नदी हातभर चढली. खालच्या तक्त्यात ही चढ १४.१० ला, वरच्या तक्त्यात १६.०५ ला. पाणी आधी खाली पोचलं, मग वरून निघालं.

तक्ते टेबलावर आले आणि पंधरा मिनिटांत दोन्ही देशांचं भांडण सुरू झालं. खालचे म्हणाले, तुम्ही कमी दाखवताय, पाणी कुठेतरी अडवून ठेवलंय. वरचे म्हणाले, तुम्ही मागाहून आकडे भरलेत. मी मध्ये पडलो नाही. या कामात हेतूंवरचा संशय पद्धतीवरच्या प्रश्नाच्या आधी येतो, आणि तो एकदा आला की जात नाही, हे सांगून कळत नाही.

वेळेचं कोडं आम्हीच घातलेलं होतं. वरच्यांची घड्याळं बीजिंगच्या वेळेवर लावली होती, ती आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. २००२च्या करारानंतर चीन ब्रह्मपुत्रेवरच्या नुगेशा, यांगचुन आणि नुशिया या केंद्रांची पावसाळ्यातली माहिती देई, ती बीजिंगच्या सकाळी आठ आणि रात्री आठची. म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेपाच आणि संध्याकाळचे साडेपाच. १६.०५ मधून अडीच तास वजा केले की १३.३५. तिथून १४.१० पर्यंत ३५ मिनिटं, अंतर तीन किलोमीटर, लाटेचा वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर. चोरलला शोभेल असाच.

विसर्गाचं मात्र कोडं नव्हतं, तिथे खरंच घोळ होता. खालच्यांनी तरंगते ठोकळे सोडले होते: ३० मीटरचा टप्पा, तीन ओळी, सरासरी ४९ सेकंद. वेग ०.६१ आला, पात्राच्या काटछेदाच्या (आडव्या छेदाच्या) १२.१ चौरस मीटरनं गुणलं, ७.४ झाले. पण ठोकळा पृष्ठभागाचा वेग दाखवतो आणि तळाशी पाणी हळू चालतं, म्हणून त्याला साधारण ०.८५ नं गुणायचं असतं. ७.४ गुणिले ०.८५ म्हणजे ६.२९. उरला फरक दीड टक्क्याचा. नैसर्गिक पात्रात पाच टक्क्यांच्या आत जुळलं तर मी समाधानी असतो. तक्त्यात मोजण्याच्या पद्धतीचा रकानाच नसल्यामुळे समोरच्याला हे कळायला वाव नव्हता.

१२ डिसेंबर १९९६ च्या गंगा करारात या दृष्टीनं एक शहाणपणाची तरतूद आहे. १ जानेवारी ते ३१ मे या काळात दोन्ही देशांची पथकं बरोबर बसून मोजतात: फरक्का बंधाऱ्याच्या खाली, तिथून पाणी वळवणाऱ्या फीडर कालव्यात, नौकानयनाच्या लॉकमध्ये (नावा जाण्याच्या दारात) आणि बांगलादेशातल्या हार्डिंग पुलाशी. फरक्का आणि हार्डिंग पूल यांच्यामध्ये गोदागाडीला महानंदा येऊन मिळते, तेव्हा या दोन ठिकाणचे आकडे नुसते समोरासमोर ठेवून भागत नाही. वाटप दहा-दहा दिवसांच्या हिशेबानं होतं. ७०,००० क्युसेकपर्यंत निम्मं-निम्मं. ७० ते ७५ हजारांत बांगलादेशाला ३५,००० आणि उरलेलं भारताला. ७५ हजारांच्या वर भारताला ४०,००० आणि उरलेलं बांगलादेशाला. ५०,००० च्या खाली गेलं की दोन्ही सरकारांनी तातडीनं बोलायचं. खरा प्रवाह ५१,००० असताना मोजणी तीन टक्क्यांनी कमी आली तर कागदावर ४९,४७० येतात आणि नसलेलं संकट उभं राहतं. पातळीचंही तसंच. बांगलादेशात पीडब्ल्यूडी डेटम (पातळी मोजायचा ठरलेला आधार) वापरतात, त्याचं शून्य समुद्रसपाटीच्या सुमारे ४६ सेंटिमीटर खाली आहे. शून्य कुठलं हे न लिहिता पुराची पातळी कळवली तर अर्ध्या मीटरची चूक घरबसल्या होते.

विहिरींचा हिशेब संध्याकाळपर्यंत लागलाच नाही. एका विहिरीत साउंडरची (पाण्याला टेकली की वाजणारी) टेप ८.४२ मीटरला वाजली, दुसरीत ११.१०. पहिल्या तुकडीनं कठड्याच्या कडेपासून मोजलं होतं, कठडा जमिनीपासून ५५ सेंटिमीटर, तेव्हा खरी खोली ७.८७. दुसऱ्या विहिरीवरची मोटर सकाळपासून चालू होती, म्हणजे तिचा आकडा तिथल्या भूजलाचा नव्हताच, उपशाचा होता. आणि दोन्ही बरोबर आले असते तरी माळवा-निमाडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्ये असतं. पन्नास मीटरवरच्या दोन विहिरींचाही एकमेकींशी संबंध नसू शकतो, मग तीन किलोमीटरवरच्यांचं काय सांगावं? जिनिव्हाच्या भूजलासाठी फ्रान्सच्या बाजूच्या ओत-साव्वा प्रांताच्या प्रशासनाशी १९७८ साली करार झाला. तिथे उपशाला मीटर, पातळीची नियमित नोंद, आर्व्ह नदीचं पाणी मुद्दाम जमिनीत मुरवणं आणि त्या खर्चाची वाटणी, असं सगळं कागदावर आहे. तिथे जलधर (जमिनीखालचा पाणी धरणारा थर) एकच आहे हे आधी पक्कं झालेलं होतं. आपल्याकडे ते पंप लावून तपासल्याशिवाय म्हणता येत नाही: एका विहिरीतून ठरावीक दरानं उपसा करायचा आणि दुसरीची पातळी आधी मिनिटामिनिटाला, नंतर तासातासाला टिपायची.

ती चाचणी दुसऱ्या दिवसासाठी ठरली. त्याआधी दोन्ही मोटरी बारा तास बंद हव्या होत्या. विहिरीच्या मालकानं फोनवर सांगितलं की विजेच्या फीडरला थ्री फेज रात्री दहाला येणार आणि तेव्हा तो सोयाबीन काढलेल्या रानाला पाणी देणारच. नानांनी वहीत वेळ बदलली, सकाळी सहाच्या ऐवजी दुपारी चार, आणि पुढे लिहिलं: "मोटर पहाटे चारला बंद, खात्री करणे."